वजनकाट्यावरचा गळालेला अंक : इंटरप्ट की पोलिंग

सीमाभागातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर २००७ सालच्या गाळप हंगामात एक पावती छापली गेली. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांचे भरलेले वजन त्या पावतीवर १,८४० किलो दाखवले होते, आणि काट्याच्या इंडिकेटरवर तेव्हा १८,३४० हा आकडा स्थिर उभा होता. मधला तीन गळाला होता. गाडीवान जुना होता, त्याने पावती वाचली आणि खिडकीतून परत आत सरकवली. काटा क्लार्कने ती रद्द करून दुसरी काढून दिली, ती बरोबर निघाली, आणि मागे उभ्या असलेल्या चाळीस-पन्नास गाड्यांची रांग पुढे सरकली. परंतु ही गोष्ट दिवसातून दोन-तीन वेळा घडू लागली, तेव्हा मला बोलावणे आले.

बाहेरच्या वाचकाला कदाचित यात फारसे गांभीर्य वाटणार नाही. आमच्या भागात मात्र ऊस उत्पादक आणि कारखाना यांच्यातला सगळ्यात नाजूक धागा म्हणजे काटा. वर्षभर राबून, पाणी पाजून, तोडणीवाल्यांच्या मागे फिरून वाढवलेला ऊस शेवटी त्या लोखंडी फलाटावर काही सेकंद उभा राहतो आणि वर्षाच्या मिळकतीचा हिशेब तिथे ठरतो. 'काटा मारतात' ही शंका शेतकऱ्याच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या असते. अशा ठिकाणी यंत्राने एक अंक गाळला, तर तो यंत्राचा दोष आहे हे कोणी का मानावे? म्हणून त्या दोषाचे मूळ सापडेपर्यंत मी तिथून हललो नाही, आणि सापडले ते संगणकातल्या एका ड्रायव्हरच्या, म्हणजे जोडलेले उपकरण हाताळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मांडणीतल्या एका शून्यात.

क्लार्क वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जे सांगितले त्यात अर्धे उत्तर होते. "पडद्यावर वजन बरोबर असतंय बघा," ते म्हणाले, "पावतीवरच चुकतंय. मी बटण दाबेपर्यंत काही होत नाही." संगणकावरचा प्रोग्रॅम असा लिहिलेला होता की बटण दाबले की आधी गाडीची नोंद डिस्कवर लिहायची आणि लगेच इंडिकेटरकडून येणारे पुढचे वजन उचलून पावतीवर छापायचे. म्हणजे चूक व्हायची ती डिस्कवर लिहिणे चालू असतानाच्या क्षणी. ही बारीक नोंद अण्णांनी डोळ्यांनी टिपली होती. नंतर मी उपकरणे लावून जे मोजले ते तिची खातरजमा करण्यापुरतेच होते.

आता मूळ विषय. संगणकाला जोडलेले कोणतेही उपकरण, मग तो कीबोर्ड असो, प्रिंटर असो की काट्याचा इंडिकेटर असो, आपल्या वेळेने काम करत असते आणि प्रोसेसर आपल्या वेळेने. उपकरणाकडे काही सांगण्यासारखे आले आहे हे प्रोसेसरला कळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात प्रोसेसर ठरावीक अंतराने स्वतः जाऊन उपकरणाचे स्थिती-रजिस्टर वाचतो आणि 'काही आले का' ते पाहतो; यालाच पोलिंग म्हणतात. दुसऱ्या मार्गात उपकरण स्वतःच एका तारेवरून हाक देते, प्रोसेसर हातातले काम आहे तिथे थांबवतो, कुठे थांबलो याची खूण ठेवतो, त्या उपकरणाच्या ड्रायव्हरने नेमून दिलेला छोटा कार्यक्रम चालवतो आणि मग मूळ कामाकडे परततो. हा हार्डवेअर इंटरप्ट.

बेळगावात ज्यांनी नळाला काही दिवसांआड पाणी येण्याचा काळ पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाणी रात्री कधी सुटेल याचा भरवसा नसे. काही घरांत कोणीतरी दर तासाला उठून नळ पाहून येत असे. काही घरांत नळ उघडा ठेवून खाली रिकामी घागर ठेवत, म्हणजे पाणी आले की घागरीच्या आवाजाने जाग येई. पहिले पोलिंग, दुसरा इंटरप्ट. पण दोन्ही घरांत प्रत्यक्ष निर्णायक ठरे ती एक तिसरीच गोष्ट : जाग आल्यापासून नळापाशी पोहोचेपर्यंत घागर भरून वाहू लागते की नाही. घागर केवढी, धार केवढी आणि माणूस किती वेळात पोहोचतो, हे तीन आकडे माहीत नसतील तर आवाजाने उठणे चांगले की घड्याळाने उठणे चांगले, हा वाद पोकळ आहे. ड्रायव्हरच्या बाबतीत माझे सगळे म्हणणे एवढेच आहे, आणि त्या काट्यावरच्या संगणकात हे तिन्ही आकडे हाती लागतात म्हणून तो प्रसंग मी इथे सविस्तर लिहितो आहे.

संगणक जुना होता. त्यात जादा कार्डे बसवायचे जुन्या आयएसए जातीचे स्लॉट होते आणि मूळच्या दोन सिरियल पोर्टांपैकी पहिल्यावर रिकाम्या गाड्यांचा काटा, दुसऱ्यावर यूपीएसची तार. भरलेल्या गाड्यांच्या काट्यासाठी एक जादा कार्ड बसवून तिसरा सिरियल पोर्ट केलेला होता. पीसीच्या परंपरेत पहिला आणि तिसरा पोर्ट इंटरप्ट क्रमांक ४ वापरतात, दुसरा आणि चौथा क्रमांक ३. ही परंपरा १९८१ सालच्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या टंचाईतून निघाली आहे. त्या यंत्रात ८२५९ नावाची एकच नियंत्रक चिप होती आणि तिला आठच तारा होत्या. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये दुसरी चिप पहिलीच्या एका तारेला जोडली गेली आणि वापरण्याजोग्या तारा पंधरा झाल्या. त्यातही टायमर, कीबोर्ड, घड्याळ, डिस्क यांनी आपापल्या जागा आधीच धरलेल्या. आयएसए बसवरचे इंटरप्ट तारेच्या चढत्या कडेवर, म्हणजे तारेतली विजेची पातळी खालून वर जाते त्या क्षणी, ओळखले जातात, त्यामुळे दोन कार्डांनी एकच तार वाटून घेतली की एकाची हाक दुसऱ्याच्या हाकेत बुडून जाते. शिवाय विजेच्या अंगानेही दोन कार्डे एकच तार दोन दिशांना ओढू लागतात. पुढे पीसीआय बसने पातळीवर चालणारे इंटरप्ट आणून ही अडचण बरीचशी सोडवली, कारण तिथे काम पुरे होईपर्यंत उपकरण तार धरूनच ठेवते.

तर या कार्डाचा पहिल्या पोर्टाशी झगडा झाला असणार, आणि तो मिटवायला आधीच्या कोणीतरी संगणक सुरू होताना चालणाऱ्या सुरुवातीच्या फाईलमध्ये सेटसिरियल आज्ञेने तिसऱ्या पोर्टाला 'आयआरक्यू ०' (आयआरक्यू म्हणजे इंटरप्ट क्रमांक) अशी ओळ घालून ठेवली होती. त्या संगणकावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती; तिच्या सिरियल ड्रायव्हरला शून्य दिले की तो इंटरप्टची वाट पाहत नाही. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, टायमरच्या ठोक्यावर तो स्वतः पोर्ट तपासत राहतो. झगडा मिटला, दोन्ही काटे वाचता येऊ लागले, आणि त्या माणसाच्या दृष्टीने काम झाले. मी त्याला दोष देत नाही. त्या दिवशी, त्या वेगाला, ती ओळ बरोबर होती.

ती का बरोबर होती ते पाहू. इंडिकेटर तेव्हा ९६०० बॉडने, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने, बोलत होता. एक अक्षर पाठवायला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. त्या कर्नलमध्ये टायमरचा ठोका सेकंदाला २५० वेळा, म्हणजे दर ४ मिलिसेकंदांनी पडत होता. दोन ठोक्यांच्या मध्ये फार तर चार अक्षरे येत. सिरियल पोर्टाची चिप १६५५०ए जातीची होती, तिच्यात आलेली अक्षरे साठवायला १६ जागा असतात. चार अक्षरे आणि सोळा जागा. घागर मोठी, धार बारीक. कोणी ठोका चुकवला, अगदी दोन ठोके उशीर झाला, तरी काही सांडत नव्हते.

हंगामाच्या तोंडावर इंडिकेटर बदलला. नवा बसवणाऱ्याने त्याचा वेग ३८,४०० बॉड ठेवला, कारण वेग जास्त असलेला बरा असे सर्वसाधारणपणे मानतात. शिवाय नवा इंडिकेटर वजनाची ओळ अखंड पाठवत राही. एक सुरुवातीची खूण, सहा अंक, एक शेवटची खूण, आणि लगेच पुढची ओळ. आता सेकंदाला ३,८४० अक्षरे येऊ लागली. ४ मिलिसेकंदांत १५.३६ अक्षरे. जागा १६.

हा हिशेब मी काट्याच्या खोलीत एका रद्द पावतीच्या मागे मांडला, आणि काही क्षण तसाच बघत बसलो. व्यवस्था चालत होती. ठोका वेळेवर पडला तर सोळाव्या जागेपाशी पाणी येऊन थांबत होते. सोळा अक्षरे यायला ४.१७ मिलिसेकंद लागतात आणि ड्रायव्हर दर ४ मिलिसेकंदांनी येतो, म्हणजे हातात उरलेली सवड एक मिलिसेकंदाच्या सहाव्या हिश्श्याएवढी. तेवढा उशीर करणारे काहीही त्या संगणकात घडले की सतरावे अक्षर येणार आणि त्याला जागा नसणार.

उशीर करणारी गोष्ट अण्णांनी आधीच सांगितली होती. त्या संगणकाची डिस्क डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा नेण्याची सोय) बंद असलेल्या अवस्थेत चालत होती, म्हणजे डिस्कवर जाणारा प्रत्येक शब्द प्रोसेसर स्वतः उचलून नेऊन ठेवत होता, आणि डिस्कचा आयडीई ड्रायव्हर हे काम करत असताना इतर इंटरप्ट बंद ठेवत होता. टायमरचा ठोकाही त्यात अडकत होता. डिस्कचे असे एक काम सहज अर्धा-एक मिलिसेकंद घेते. लिनक्समधल्या एचडीपार्म या साधनाच्या माहितीपानात हा संबंध स्पष्ट लिहिलेला आहे : डिस्कच्या कामात इतर इंटरप्ट मोकळे ठेवण्याचा पर्याय दिला तर सिरियल पोर्टाच्या 'ओव्हररन' चुका नाहीशा होतात, असे तिथे म्हटले आहे. ओव्हररन म्हणजे आधीचे अक्षर उचलले जाण्यापूर्वी पुढचे येऊन सांडणे. कर्नल आपली स्थिती जिथे दाखवतो त्या प्रॉक फाईलप्रणालीतली सिरियल ड्रायव्हरची फाईल मी उघडली. प्रत्येक पोर्टासमोर आलेल्या आणि गेलेल्या अक्षरांची मोजदाद असते आणि ओव्हररन झाले असतील तरच 'ओई' या अक्षरांपुढे त्यांचा आकडा दिसतो. तिसऱ्या पोर्टासमोर तो होता. अण्णांना बटण दाबायला सांगितले, आणि काही वेळा तो आमच्या डोळ्यांसमोर एकाने वाढला.

गळालेल्या अंकाचे गणितही जुळत होते. सहा अंकी ओळीतला एक अंक गेला की पाच उरतात आणि वजन साधारण दहावा हिस्सा दिसते. ०१८३४० मधला तीन गेला की ०१८४० उरते. भरलेल्या गाडीचे वजन असे घसरले की शेतकऱ्याचे नुकसान, आणि हीच चूक रिकाम्या गाडीच्या वजनात झाली असती तर उसाचे निव्वळ वजन फुगून कारखान्याचे नुकसान. सुदैवाने चूक इतकी ढोबळ होती की डोळ्यांना खटके. वजन वाचणाऱ्या प्रोग्रॅमने सहा अंक पुरे नसलेली ओळ नाकारायला हवी होती, हा त्याचा दोष खराच, आणि तो मी नंतर दुरुस्त करून घेतला. परंतु ते आधी केले असते तर खालची गळती तशीच राहिली असती आणि फक्त दिसेनाशी झाली असती, म्हणून क्रम मुद्दाम उलटा ठेवला.

दुरुस्ती एका दुपारी, कारखाना सफाईसाठी थांबला असताना केली. कार्ड बाहेर काढले. त्यावर जंपरच्या पिनांची एक रांग होती, ३, ४, ५, ७ असे आकडे छापलेले, आणि छोटी काळी टोपी चारवर बसवलेली. त्या यंत्रात साउंड कार्ड नव्हते, म्हणून पाच मोकळा होता. टोपी चारवरून काढून पाचवर बसवली. बायॉसमध्ये जाऊन पाच क्रमांक जुन्या आयएसए कार्डासाठी राखून ठेवला, नाहीतर एखादे पीसीआय कार्ड तो घेऊन बसते. सुरुवातीच्या फाईलमधला शून्य खोडून पाच लिहिला. डिस्कचा डीएमए चालू केला. इतर इंटरप्ट मोकळे ठेवण्याचा एचडीपार्मचा पर्याय मात्र वापरला नाही, कारण काही जुन्या डिस्क नियंत्रकांवर त्यातून डेटा बिघडण्याचा इशारा त्याच माहितीपानात दिलेला आहे, आणि हंगामाच्या मध्यावर तो धोका पत्करण्याचा अधिकार मला नव्हता.

या बदलाने प्रत्यक्ष काय झाले? १६५५०ए चिपला किती अक्षरे जमल्यावर हाक द्यायची हे सांगता येते. १, ४, ८ किंवा १४. लिनक्सचा ड्रायव्हर या चिपसाठी ८ ठेवतो. म्हणजे आठ अक्षरे जमली की हाक जाते आणि अजून आठ जागा शिल्लक असतात. ३८,४०० च्या वेगाला आठ जागा म्हणजे २.०८ मिलिसेकंद. आधी सवड होती ०.१७ मिलिसेकंद, आता बारा पटींहून अधिक. आठाहून कमी अक्षरे येऊन शांतता पसरली तरी ती अडकून पडत नाहीत, कारण चार अक्षरांइतका वेळ काही आले नाही की चिप आपण होऊन हाक देते. विशेष म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या हाका यात कमी झाल्या नाहीत. आधी सेकंदाला २५० फेऱ्या होत्या, आता ४८० इंटरप्ट होऊ लागले. इंटरप्टने काम हलके होते अशी समजूत घेऊन जो येईल त्याला हा आकडा उलटा वाटेल. इथे मिळवलेली गोष्ट होती योग्य क्षण. हाक आता घड्याळावर अवलंबून नव्हती, अक्षरांच्या संख्येवर होती, म्हणजे जी गोष्ट सांडणार होती तिच्यावरच.

त्याच संगणकाला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर समांतर पोर्टावर जोडलेला होता आणि सुरू होताना कर्नल त्याच्याविषयी 'पोलिंग' असे लिहीत असे. माझ्या सोबत आलेल्या मुलाने उत्साहाने विचारले, "सर, हाही इंटरप्टवर घालूया ना?" इंटरप्ट क्रमांक ७ मोकळाच होता आणि पारपोर्ट-पीसी मोड्यूलला पत्ता आणि आयआरक्यू दिला की काम झाले असते. मी नको म्हणालो, आणि हा नकार मला आजही महत्त्वाचा वाटतो. प्रिंटरच्या बाबतीत पाठवणारा संगणक आहे. प्रिंटर अडकला की तो 'बिझी'ची तार उंच करतो आणि संगणक थांबतो. उशीर झाला तर पावती अर्ध्या सेकंदाने उशिरा येईल, पण एकही अक्षर सांडणार नाही, कारण तिथे घागर भरली की नळ आपोआप बंद होतो. ज्या ठिकाणी उशिराची किंमत फक्त उशीर आहे तिथे पोलिंग हा साधा, तपासायला सोपा आणि कोणाशी भांडण न करणारा मार्ग आहे. शिवाय ८२५९ चिपची एक खोड अशी की एखादी हाक ओळखण्याआधीच तार खाली गेली तर ती चिप सात क्रमांकाची खोटी हाक नोंदवते. त्या क्रमांकावर विनाकारण कोणाला बसवू नये, असे माझे मत झाले होते.

याच्या बरोबर उलट अनुभव काही वर्षांनी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आला. तिथल्या एका यंत्रशाळेत लेथवर निघणाऱ्या नगांची मोजणी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर करायची होती. प्रत्येक नगाला लिमिट स्विच एकदा दाबला जाई, सुमारे सेकंदभर. एक नग चाळीस सेकंदांचा, म्हणजे आठ तासांच्या पाळीत सातशे वीस. मोजणी करणाऱ्या मुलाने स्विचची तार पायच्या पिनला जोडून तिच्यावर कडेचा इंटरप्ट लावला होता, कारण पुस्तकात तेच उत्तम म्हणून लिहिलेले असते. पाळी संपली तेव्हा आकडा चार हजारांच्या पुढे गेलेला. यांत्रिक स्विचची पट्टी एकदा दाबली तरी काही मिलिसेकंद थरथरते, आणि प्रत्येक थरथर ही एक कड असते. शेजारच्या यंत्राचा काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) पडला की लांब तारेत ठिणगीचा धक्का येई, तीही एक कड. इंटरप्टला खरी कड आणि खोटी कड यांतला फरक कळत नाही, तो दोघांनाही तितक्याच तत्परतेने उठून दार उघडतो.

तिथे मी इंटरप्ट काढून टाकला. पिन दर १० मिलिसेकंदांनी वाचायची आणि सलग पाच वेळा तेच उत्तर आले तरच ते खरे मानायचे. चाळीस मिलिसेकंदांपेक्षा छोटे सगळे धक्के आपोआप गाळले गेले, आणि सेकंदभर दाबला जाणारा स्विच चुकण्याचा प्रश्नच नव्हता. लिनक्समध्ये या दोन्ही वाटा मांडणीच्या पातळीवर तयार आहेत. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या उपकरणांचे कर्नलला दिलेल्या वर्णनात, 'जीपीआयओ-कीज' लिहिले तर इंटरप्ट, 'जीपीआयओ-कीज-पोल्ड' लिहून पोल-इंटरव्हल मिलिसेकंदांत दिला तर पोलिंग. मेमरी कार्डाच्या खाचेत कार्ड घातले की नाही हे सांगणारी तार ज्या बोर्डावर नसते, तिथे 'ब्रोकन-सीडी' (सीडी म्हणजे कार्ड डिटेक्ट) असे लिहिले की कर्नल दर सेकंदाला स्वतः पाहून येतो. माणूस कार्ड घालतो तेव्हा एका सेकंदाने काही बिघडत नाही. तारेला ढाल आणि पुल-अप रोध हेही उद्यमबागेत केलेच, कारण सॉफ्टवेअरने गाळलेला धक्का तारेत राहतोच.

खोट्या हाकांचा अतिरेक झाला तर काय करायचे, याचा विचार कर्नलनेही केलेला आहे. एखाद्या तारेवर हाक येते आहे आणि त्या तारेवरचा प्रत्येक ड्रायव्हर 'माझी नाही' म्हणतो आहे, असे एक लाख हाकांपैकी ९९,९०० हून अधिक वेळा झाले तर कर्नल 'नोबडी केअर्ड' असा संदेश लिहून ती तार बंदच करतो आणि 'आयआरक्यूपोल' हा पर्याय देऊन यंत्र सुरू करून पाहा असे सुचवतो. तो पर्याय म्हणजे पुन्हा पोलिंगच. हा संदेश दिसला की घाईने पर्याय लावून मोकळे होणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. कोणते उपकरण ओरडते आहे ते आधी शोधावे, कारण तो पर्याय सगळ्याच यंत्राला मंद करतो.

नेटवर्क कार्डांत तर दोन्ही मार्ग एकाच ड्रायव्हरमध्ये नांदतात. एक गिगाबिटच्या तारेवर डेटाची सगळ्यात लहान पाकिटे भरून आली तर सेकंदाला सुमारे १४,८८,००० पाकिटे येतात. प्रत्येकाला एक इंटरप्ट दिला तर प्रोसेसर हाका घेण्यातच संपून जातो आणि एकही पाकीट पुढे पोहोचत नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये हा प्रकार नीट मांडून दाखवला होता. लिनक्सच्या २.६ मालिकेत रुळलेली एनएपीआय पद्धत यावरच उभी आहे. पहिल्या पाकिटाला इंटरप्ट येतो, ड्रायव्हर लगेच त्या कार्डाचे इंटरप्ट बंद करतो आणि पाकिटे संपेपर्यंत, एका फेरीत साधारणपणे ६४ पर्यंत, स्वतः उचलत राहतो. संपली की इंटरप्ट पुन्हा चालू. शांत रात्री घागरीचा आवाज, आणि पाणी सुटले की नळापाशीच उभे राहणे.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांना हमखास फसवते. यूएसबीमध्ये 'इंटरप्ट ट्रान्सफर' नावाचा प्रकार आहे, पण यूएसबी माऊस आपण होऊन कधीच बोलत नाही. संगणकच त्याला ठरावीक अंतराने विचारतो. किती अंतराने, हे उपकरण आपल्या माहितीत लिहून देते, आणि लिनक्समध्ये यूएसबी-एचआयडी मोड्यूलच्या माऊसपोल पर्यायाने ते बदलता येते. साधा माऊस दर ८ मिलिसेकंदांनी विचारला जातो, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा. तेव्हा जुन्या काट्याचा इंडिकेटर यूएसबी-सिरियल तारेने जोडून 'आता इंटरप्टची कटकट नाही' असे कोणी म्हणाले, तर त्या तारेतल्या चिपमध्ये बफर, म्हणजे घागर, किती आहे हे मी आधी विचारतो.

काट्याच्या त्या संगणकावर आम्ही हंगाम संपेपर्यंत लक्ष ठेवून होतो. अण्णा रोज सकाळी पाळी सुरू होताना दोन फाईली उघडून पाहत. इंटरप्टच्या यादीत पाचव्या ओळीचा आकडा पुढे गेला आहे का, आणि सिरियलच्या यादीत तिसऱ्या पोर्टासमोर 'ओई' उगवले आहे का. आकडा ते एका वहीत तारखेसह उतरवून ठेवत. मार्चमध्ये गाळप थांबले तेव्हा मी ती वही चाळली. पहिला रकाना रोज वाढत गेला होता आणि दुसऱ्या रकान्यात त्यांनी प्रत्येक दिवशी, न कंटाळता, 'नाही' असे लिहिले होते.

सुरुवातीच्या फाईलमध्ये ज्या ओळीत शून्य होता, तिच्यावर मी एक टिप्पणी लिहून ठेवली : वेग ३८,४००, आठ अक्षरांवर हाक, सवड २.०८ मिलिसेकंद, इंडिकेटर बदलल्यास किंवा वेग वाढवल्यास हे गणित पुन्हा करावे. तेव्हापासून मी ज्या ज्या ड्रायव्हरमध्ये पोल-इंटरव्हल किंवा आयआरक्यू लिहितो, त्या ओळीवर हे तीन आकडे लिहितो.